जुन्नरचा ओला हिवाळा

इसवी सन १४७० च्या आसपासच्या एका पावसाळ्यात जुन्नरमध्ये एक रशियन व्यापारी अडकून पडला होता. नाव अफानासी निकितिन, गाव व्होल्गा नदीकाठचं त्वेर. विकायला त्याच्याजवळ एकच मोठी चीज होती, ती म्हणजे एक घोडा. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ मध्ये. म्हणजे हा माणूस त्याच्या पाव शतक आधी चौलला उतरून, सह्याद्री चढून आमच्या भागात आला होता. मी मंचरची. जुन्नर आमच्यापासून तीसेक किलोमीटर. वास्को द गामा मला शाळेतच भेटला; निकितिन भेटला तो नोकरीला लागल्यावर, जपानी शिकता शिकता. त्याचा आणि जपानीचा संबंध काय, ते पुढे सांगते.

निकितिन घरून निघाला तो भारतात यायचं म्हणून निघालाच नव्हता. व्होल्गावरून खाली कास्पियन समुद्राकडे जायचं, माल विकायचा आणि परतायचं, एवढाच बेत. अस्त्राखानजवळ तातारांनी लुटलं. माल गेला, सोबतची पुस्तकं गेली. ज्यांचं गावाकडे काही होतं ते परत फिरले. ज्यांच्या डोक्यावर देणं होतं त्यांना परतायला तोंड नव्हतं. ते वाट फुटेल तिकडे गेले. निकितिन दर्बंद, बाकू, इराण करत होर्मुझच्या बंदरात पोचला. हिंदुस्थानात चांगले घोडे निपजत नाहीत, तिथे घोड्याला सोन्याचा भाव येतो, हे तोवर त्याच्या कानावर आलं होतं. घोडा गलबतात चढवून तो दीव, खंबायतमार्गे चौलला आला. तिथून पाली ८ दिवस, पालीहून तो ज्याला उमरी म्हणतो ते गाव १० दिवस, तिथून जुन्नर ६ दिवस. हे दिवस त्याने मोजून लिहून ठेवले आहेत. त्याच्या वहीला पुढे ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ अशा अर्थाचं नाव मिळालं. जुन्नरला तो ‘चुनेर’ म्हणतो.

त्या वेळचं जुन्नर बहमनी राज्यात होतं. बिदरच्या दरबारात वजीर होता महमूद गवान, मूळचा इराणातल्या गीलानचा. त्याच्या हाताखाली जुन्नरला असद खान नावाचा सुभेदार. सरदार, सैनिक, घोड्यांचे सौदागर यांत खुरासानकडून आलेल्यांचा मोठा भरणा. दख्खनचे मुसलमान आणि बाहेरून आलेले ‘आफाकी’ यांच्यातल्या चुरशीनं पुढे हे राज्यच पोखरलं, ती गोष्ट वेगळी. इथे मुद्दा एवढाच, की जुन्नरच्या वरच्या थरात फारसी चालत होती, तिच्यात तुर्की मिसळलेली होती, आणि ही खिचडी-भाषा निकितिन वाटेत शिकून आला होता. मराठीचा एक शब्द न येता त्याचं जुन्नरमध्ये भागलं. हिंजवडीत दहा-दहा वर्षं काढून ‘पाणी’ आणि ‘थोडं थोडं’ यांपलीकडे न गेलेले माझे सहकारी आठवले, तर यात नवल वाटायला नको.

पण या भागण्याची किंमत त्याच्या नोंदींत दिसते, आणि मला त्या नोंदी वाचताना सगळ्यात जास्त मजा तिथेच आली.

पावसाळ्याला तो हिवाळा म्हणतो. रशियात वर्षातला जो काळ माणसाला एका जागी डांबून ठेवतो तो हिवाळा. इथे पावसानं डांबून ठेवलं, म्हणून तोही हिवाळा. चार महिने रात्रंदिवस जिकडेतिकडे पाणी आणि चिखल, असं तो लिहितो. हे चार महिने इथल्या माणसांसाठी चातुर्मास होते, त्यांची व्रतं होती, त्यांत खायच्या-न खायच्या गोष्टी होत्या, देव झोपायचा आणि उठायचा. यातलं काही त्याच्या कानावर आलेलं दिसत नाही. त्याला दिसला तो चिखल.

मग तो पेरणीबद्दल लिहितो. या दिवसांत इथले लोक नांगरतात आणि पेरतात, काय काय पेरतात त्याची यादी देतो. भाताला त्याने वापरलेला शब्द तुर्की आहे, ‘तुतुर्गान’. हरभऱ्याला फारसी ‘नोखुद’च्या वळणाचा. यादीत गहूही आहे. आता, मी शेतकऱ्याच्या घरातली. पावसाळ्यात गहू-हरभरा पेरतात असं मी वडिलांना सांगितलं तर ते माझी डिग्री परत मागतील. गहू-हरभरा रब्बीचा, दिवाळीच्या आगेमागे पेरायचा. भात मात्र बरोबर. आजही आमच्या आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिमेला पावसात भातच लावतात. माझा तर्क असा, की ही यादी त्याला कुठल्याही शेतकऱ्यानं सांगितलेली नाही. ती घोड्यांच्या बाजारात, सराईत, एखाद्या खुरासानी ओळखीच्याकडून मिळालेली आहे. ज्यांची भाषा त्याला येत होती त्यांनी सांगितलं तेवढंच त्याला कळलं, आणि त्या लोकांनाही शेतीतलं तेवढंच कळत होतं. जुन्नरच्या नोंदीत वाचताना मला चटकन ओळखीचा वाटलेला शब्द खिचडी. तीही घोड्यांसाठी: साखर-तूप घालून शिजवलेली.

एक मात्र खरं. निकितिनला आज मंचरच्या मार्केट यार्डात कांद्याच्या लिलावाला उभं केलं, तर तो अगदीच हरवणार नाही. बाजार, दलाल, हमाल, वजन, हिशेब, खरेदी, फायदा, नुकसान, तारीख: आपल्या बाजाराची निम्मी भाषा फारसी-अरबीतून आलेली, आणि हे शब्द दख्खनमध्ये मुरत गेले त्याच शतकांत तो इथे हिंडत होता. रशियनमध्येही बाजाराला बाजारच म्हणतात. भाव करायचा, तर भाषा सगळ्यात आधी आणि सगळ्यात सहज ओलांडता येते. लिलाव संपल्यावर तुम्हाला कुणी घरी जेवायला बोलावतं का, हे त्यानंतर कळायचं.

जुन्नरमध्ये असद खानानं त्याचा घोडा काढून घेतला. हा मुसलमान नाही, रशियन ख्रिस्ती आहे, हे त्याला समजलं. घोडा परत देतो, वर एक हजार मोहरा देतो, पण आमच्या धर्मात ये. नाही आलास तर घोडाही गेला आणि हजार मोहरा दंडही बसेल. मुदत चार दिवसांची. त्या घोड्यात निकितिनचे शंभर रूबल अडकले होते, म्हणजे जवळजवळ सगळंच. ऑगस्टमधल्या एका ख्रिस्ती सणाच्या तोंडावर ही मुदत संपत होती. ऐन वेळी खोजा मुहम्मद नावाचा एक खुरासानी जुन्नरला आला, निकितिननं त्याचे पाय धरले, तो खानाकडे गेला आणि रदबदली करून त्यानं घोडा सोडवून आणला. निकितिन याला देवाचा चमत्कार म्हणतो. मला त्यात दिसतं ते असं: अडवणारा खुरासानी, सोडवणाराही खुरासानी. ज्याच्याशी बोलता येत होतं अशाच माणसानं त्याला संकटात घातलं आणि अशाच माणसानं बाहेर काढलं. ज्यांच्या गावात हे सगळं चाललं होतं ती जुन्नरची माणसं या गोष्टीत कुठेच नाहीत.

आता जपानीकडे येते.

माझ्या प्रोजेक्टचा क्लायंट जपानी आहे. पुण्यात जपानी शिकणारे खूप, वर्गही भरपूर. परीक्षेच्या पाच पायऱ्या, एन-फाइव्हपासून एन-वनपर्यंत. मी एन-थ्री झाले. आमच्या टीममध्ये मला सीनिअर असलेला एकजण एन-टू आहे, कांजी माझ्यापेक्षा दुप्पट येतात. मागच्या वर्षी एका मीटिंगमध्ये आम्ही एक मोठा बदल सुचवला. पलीकडून उत्तर आलं, ‘केन्तो शिमास’. शब्दशः अर्थ, विचार करून पाहतो. आमच्याकडे लगेच होकार धरून कामाची आखणी सुरू झाली, दोन माणसं त्यावर बसवली. मी म्हटलं, हा नकार आहे. मला सांगितलं गेलं, की शब्दात नकार कुठेच नाही. तीन आठवड्यांनी तो नकारच निघाला.

मला ते आधी कळलं यात हुशारी काही नव्हती. मी मंचरची आहे. आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे काय हे पाचवीतल्या मुलालाही कळतं. मुलगी बघून गेलेले लोक ‘विचार करून कळवतो’ म्हणाले, की आई पोह्यांच्या बशा उचलता उचलताच समजते. समोरच्याच्या तोंडावर ‘नाही’ म्हणणं आमच्याकडे उद्धटपणा, त्यांच्याकडेही. आमच्या सेन्सेईंनी हे वर्गात शिकवलं होतं, पण परीक्षेत त्याला मार्क नसल्यामुळे अर्धा वर्ग तेव्हा फोनमध्ये होता.

उलट काही ठिकाणी मराठी असणं आडवं येतं. आपण साहेबांबद्दल कुणाशीही बोललो तरी ‘आमचे साहेब म्हणाले’ असंच म्हणतो. आदर त्या माणसाला चिकटलेला असतो, तो कुठेही गेला तरी सोबत जातो. जपानीत बाहेरच्या माणसाशी बोलताना स्वतःच्या साहेबाच्या नावामागचं ‘सान’ काढून टाकावं लागतं. कारण तिथे प्रश्न असतो आतलं कोण आणि बाहेरचं कोण, ‘उची’ की ‘सोतो’. आतल्या माणसाचा मोठेपणा बाहेरच्यापुढे मिरवायचा नाही. पहिल्यांदा असं बोलताना माझी जीभ अडखळली. मात्र ही आत-बाहेरची रेघ आपल्याला अनोळखी नाही. ‘आम्ही जेवायला चाललोय’ आणि ‘आपण जेवायला चाललोय’ यांतला फरक मराठी माणसाला कुणी शिकवावा लागत नाही. एका वाक्यात समोरचा उपाशी राहतो, दुसऱ्यात जेवतो. हिंदीत दोन्हीकडे ‘हम’. आमच्या वर्गातल्या हिंदीभाषक मुलांना ‘उची-सोतो’ समजावताना मी हेच उदाहरण दिलं. त्यांना जपानी थोडं कळलं, मराठी जास्त कळलं.

निकितिन कुणासमोर ‘आम्ही’ होता आणि कुणासमोर ‘आपण’, हाच प्रश्न घेऊन मी त्याची पुढची वही वाचली.

जुन्नरहून तो बिदरला गेला. तोवर त्यानं एक मुसलमानी नाव घेतलं होतं: खोजा यूसुफ खुरासानी. व्यवहाराला सोयीचं, रस्त्यावर सुरक्षित. बिदरमध्ये त्याच्या बऱ्याच हिंदूंशी ओळखी झाल्या, आणि एक दिवस त्यानं त्यांना सांगून टाकलं: मी मुसलमान नाही, ख्रिस्ती आहे, माझं नाव अफानासी. तो लिहितो, की त्यानंतर त्यांनी त्याच्यापासून काहीच लपवलं नाही. खाणं, व्यापार, प्रार्थना, घरातल्या बायकासुद्धा.

त्या दिवसानंतर वहीच बदलते. चुनेरचा चिखल लिहिणारा माणूस आता बारकावे लिहायला लागतो. हे लोक उजव्या हातानं जेवतात, डावा लावत नाहीत; सुरी वापरत नाहीत, चमचा माहीत नाही. प्रवासात प्रत्येकाचं भांडं वेगळं, प्रत्येकजण आपलं आपण शिजवतो. मुसलमानाची नजर अन्नावर पडली तर ते खात नाहीत. काहीजण जेवताना अंगावर कापड ओढून घेतात. प्रार्थना पूर्वेकडे तोंड करून. हे सगळं त्याला दिसलं ते भांड्याच्या जवळ बसू दिल्यामुळे. आणि भांड्याजवळ बसू दिलं ते त्यानं स्वतःचं खरं नाव सांगितल्यावर.

याचा उगाच गोड अर्थ काढायचं कारण नाही. बिदरचे हिंदू त्याच्यापुढे मोकळे झाले यात राज्यकर्त्यांबद्दलची भीती होती. हा परका राज्यकर्त्यांपैकी नाही, याच्या हातात काही सत्ता नाही, याचा दिलासा होता. ज्या भांड्यावर मुसलमानाची नजर चालत नव्हती त्या भांड्याजवळ गावातल्याच किती जातींना बसता येत नव्हतं, हेही विसरता येत नाही. निकितिनला ते अर्धवट दिसलं. इथे ८४ धर्म आहेत, एका धर्माचा माणूस दुसऱ्याबरोबर खात-पीत नाही, लग्न करत नाही, असं तो लिहितो. तो पाहत होता जाती. त्याच्याजवळ त्यासाठी शब्द नव्हता, म्हणून त्यानं ‘धर्म’ हा शब्द वापरला. चूक म्हणायची तर चूक आहे. पण आपल्यातले अनेकजण आजही परदेशात ‘आमच्याकडे आता तसं काही नसतं’ असं सांगून मोकळे होतात. त्या मानानं ही चूक प्रामाणिक वाटते.

त्या मित्रांबरोबर तो शिवरात्रीच्या जत्रेला श्रीशैलला गेला. त्या जागेला तो हिंदूंचं जेरुसलेम म्हणतो. तिथली हात उंचावलेली भव्य मूर्ती पाहून त्याला आठवतो कॉन्स्टँटिनोपलमधला सम्राट जस्टिनियनचा पुतळा. नवीन प्रत्येक गोष्ट तो घरून आणलेल्या मापानं मोजतो. मला याचं काही वाटत नाही. माप सगळेच घरून आणतात. मी ‘उची-सोतो’ मोजलं ते मंचरच्या ‘आम्ही-आपण’नंच. फरक इतका, की पावसाळ्याला हिवाळा म्हणणारा निकितिन माप टेकवून निघून गेला होता, आणि श्रीशैलचा निकितिन माप लावून मग तिथे थांबला, बघत राहिला.

जुन्नरला असे परके त्याच्या आधीही आले होते, सुमारे तेराशे वर्षं आधी, आणि त्यांनी दुसरंच काही करून ठेवलं. नाणेघाटातून वर आलं की जुन्नर. कल्याणच्या बंदरात उतरलेला पश्चिमेकडचा माल सातवाहनांच्या काळात या घाटानं वर यायचा. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत शेकडो बौद्ध लेणी खोदलेली आहेत, आणि त्यांत तीन ठिकाणी दान देणाऱ्याच्या नावामागे ‘यवन’ असं कोरलेलं आहे. यवन म्हणजे मुळात आयोनियाचा ग्रीक, पुढे पश्चिमेचा कुठलाही परका. एकाचं नाव इरिल, एकाचं चित, एकाचं चंद. इरिल आणि चित स्वतःला ‘गत’ म्हणवतात. हे गत कोण, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

लेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृतात आहेत, म्हणजे मराठीच्या पणजीच्या भाषेत. चितानं दिला भिक्षुसंघासाठी ‘भोजणमटप’, जेवणाचा मंडप. चंदानं दिलं ‘गभदार’, लेण्याचं दर्शनी काम; आपला गाभारा याच घराण्यातला. आणि इरिलानं दिल्या ‘बे पोढियो’. पोढी म्हणजे कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं. बे म्हणजे दोन. ‘बे एके बे, बे दुणे चार’ म्हणताना आपण जो बे म्हणतो, तोच. समुद्रापलीकडून आलेल्या माणसानं दोन टाकी खोदून दिली आणि ‘दोन’ हा शब्द माझ्या आजीनं पाढे म्हणताना वापरला तसा वापरला, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी ते चार जणांना फोन करून सांगितलं. तिघांनी ‘हं’ म्हटलं.

शब्द एखाद्या लेखनिकानं घातले असतील. दानलेखाचा साचा ठरलेला होता, कोरणारेही ठरलेले असणार. पण दान काय द्यायचं हे त्या यवनाला ठरवावं लागलं. या डोंगरांत पाऊस प्रचंड पडतो आणि फेब्रुवारी-मार्चपासून पाण्याची वानवा सुरू होते. ट्रेकला गेलेल्या कुणालाही विचारा. भिक्षू पावसाळ्यात, वर्षावासाचे तीन महिने, एका जागी राहतात. त्यांना जेवायला छप्पर लागतं. ज्या माणसाला इथला पाऊस आणि इथला उन्हाळा दोन्ही माहीत आहेत, आणि संघाचं वर्ष कसं चालतं तेही माहीत आहे, त्यालाच टाकं आणि भोजनमंडप सुचतो. निकितिनला जो पावसाळा नुसता चिखल वाटला, त्याच पावसाळ्यासाठी चितानं मंडप दिला होता. आणि नावापुढचं ‘यवन’ त्यांनी लपवलं नाही, गाळलं नाही. देणगी इथल्या पद्धतीची, नाव इथल्या उच्चारात बसवलेलं, पण आपण कुठले ते दगडात कोरलेलं.

चितच्या जेवणमंडपावरून आईचा प्रश्न आठवतो. पुढच्या एप्रिलपासून मला दोन वर्षांसाठी नागोयाला जायचं आहे. घरी हे सांगितलं तेव्हा आईनं पगार विचारला नाही, भूकंपाचं विचारलं नाही. म्हणाली, “अगं पण तिथं खाणार काय तू?” आमचं घर माळकरी. तुळशीची माळ गळ्यात, मासे-मटण वर्ज्य. जपानमध्ये मासा ताटात नसला तरी रश्शात असतो. ‘दाशी’ नावाचं पाणी तिथल्या निम्म्या स्वयंपाकाचा पाया आहे आणि ते बहुधा सुकवलेल्या माशाचं. ऑफिसमध्ये यावर रूढ सल्ला असा, की ॲलर्जी आहे म्हणून सांग. वेळ वाचतो, कुणी जास्त विचारत नाही, समोरच्यालाही अवघड होत नाही. सल्ला वाईट नाही. निकितिनचं ‘यूसुफ खुरासानी’ हे असंच सोयीचं होतं.

मागच्या डिसेंबरात क्लायंटकडचे दोघं पुण्याला आले, तेव्हा त्यांना जेवायला घेऊन गेलो. माझ्या शेजारी साठीचे गृहस्थ. त्यांनी विचारलं, मी मासे का खात नाही. मी माळ दाखवली. मग ज्ञानेश्वरांची पालखी, आळंदी ते पंढरपूर, दरवर्षी चालत जाणारे माझे आजोबा, माळ घातली की काय काय सोडावं लागतं, हे माझ्या एन-थ्रीच्या जपानीत सांगितलं. क्रियापदं निम्मी चुकली असतील. ते ऐकत राहिले आणि मग म्हणाले, त्यांची आजी ठरावीक दिवशी ‘शोजिन र्‍योरी’ करायची: बौद्ध मठांतला स्वयंपाक, मासा-मांस नाही, दाशीसुद्धा समुद्री शेवाळाची आणि सुकवलेल्या शिताके अळंबीची. लहानपणी त्यांना तो दिवस आवडायचा नाही, हेही सांगितलं. मग त्यांनी कागदाच्या नॅपकिनवर तीन कांजी लिहून दिल्या. नागोयात दुकानात कुठल्या पुड्यावर काय बघायचं ते. दोन वर्षं मी त्यांच्याशी मीटिंगमध्ये बोलत होते. त्यांना आजी होती हे मला पहिल्यांदा कळलं.

आईला नॅपकिन दाखवला. तिनं तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, “बघू.”

निकितिनचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. स्वतःचं नाव सांगून हिंदूंच्या भांड्यापर्यंत पोचलेल्या या माणसाचं स्वतःचं वर्ष मात्र हातातून निसटत चाललं होतं. पुस्तकं व्होल्गावर लुटली गेली होती, त्यामुळे ईस्टर कधी हे काढता येईना. तो अंदाजानं, आसपासच्या मुसलमानांच्या सणांवरून दिवस मोजायचा आणि उपास करायचा. एका मुसलमान अधिकाऱ्यानं त्याला तोंडावर सुनावलं: तू मुसलमान तर दिसत नाहीस, आणि ख्रिस्ती धर्मही तुला माहीत नाही. हे त्यानं जसंच्या तसं लिहून ठेवलं आहे. तो अखेर मुसलमान झाला होता का, यावर अभ्यासक अजून भांडतात, कारण वहीचा शेवट अरबी प्रार्थनेनं होतो.

दुसरी भाषा त्याच्या आत कुठवर गेली होती हे वहीत जागोजागी दिसतं. लाजेच्या गोष्टी तो रशियनमध्ये लिहीत नाही, मध्येच तुर्की-फारसीत शिरतो. देवाशी एकांतात बोलतानाही तसंच. आणि एका ठिकाणी, घराच्या आठवणीनं व्याकूळ होऊन, रशियासारखी भूमी जगात नाही असं म्हणता म्हणता तो तिथल्या सरदारांच्या अन्यायाबद्दल बोलतो. तेही रशियनमध्ये नाही. आपल्या देशाबद्दलचं कडू सत्य लिहायला त्याला जुन्नर-बिदरच्या बाजारातली भाषा सुरक्षित वाटली.

तो त्वेरला पोचलाच नाही. परतीच्या वाटेवर, स्मोलेन्स्कच्या अलीकडे वारला. वही व्यापाऱ्यांनी मॉस्कोला नेली, १४७५ मध्ये ती महाराजांच्या कचेरीतल्या वासिली मामिरेव्ह नावाच्या अधिकाऱ्याच्या हाती पडली आणि मग रशियन इतिवृत्तांत नकलून घेतली गेली. नकलणाऱ्यांना तुर्की-फारसी येत नव्हती. ते परके आवाज त्यांनी दिसले तसे रशियन अक्षरांत उतरवून काढले. कुठे अक्षर गळलं, कुठे दोन शब्द एकमेकांना चिकटले. सरदारांबद्दलचं ते वाक्यही असंच उतरलं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासकार करमझिनला ती वही मठाच्या ग्रंथालयात सापडेपर्यंत तिथेच पडून होतं.